तरुण ताऱ्यांचे क्ष-किरण: प्रत्येक उसळी फ्लेअर नसते

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे: "हिवाळ्यात मुलांना घेऊन आम्ही त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरीच्या बाजूला आकाशदर्शनाला जातो. मृगातला तेजोमेघ दाखवला की मुलं विचारतात, तिथले नवे तारे क्ष-किरणांत भडकतात म्हणजे नेमकं काय होतं? सूर्यावर होतं तेच का? नुसता चढउतार कोणता आणि खरा फ्लेअर कोणता, हे कसं ठरवतात? आणि टीवायबीएस्सीच्या मुलांना इथे बसून यात काही खरं काम करता येईल का?"

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हो, करता येईल. मार्कांपुरता प्रोजेक्ट नाही, खरं काम. मात्र त्यासाठी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या अंगात मुरलं पाहिजे. या विषयातला डेटा बरीच वर्षं चाळल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की तरुण ताऱ्याचा प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) वर गेला म्हणून त्याला लगेच फ्लेअर म्हणू नये. वर जाण्याची कारणं अनेक असतात, आणि त्यातली एक-दोन तर ताऱ्यात नसून आपल्याच उपकरणात असतात.

आधी सूर्याचं बघू. सूर्याच्या बाहेरच्या थरांत वायू सतत वरखाली होत असतो आणि सोबत चुंबकीय बलरेषांना पीळ बसत जातो. या रेषा कमानींसारख्या पृष्ठभागाबाहेर आलेल्या असतात. पीळ फार वाढला की रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते. वेगाने सुटलेले इलेक्ट्रॉन कमानीच्या पायथ्याशी दाट वायूवर आदळतात, तो वायू एक-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो, वर चढून कमान भरून टाकतो आणि क्ष-किरणांत झळकतो. मग निवत जातो. फ्लेअरच्या प्रकाशवक्राचा ओळखीचा आकार यातूनच येतो: चढ झटक्याचा, उतार सावकाशीचा.

सूर्याच्या मोठ्या फ्लेअरचा दाखला द्यायचा तर महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यबिंबावर पांढऱ्या प्रकाशातला फ्लेअर पाहिला. त्यानंतर अठराएक तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकमापकाची नोंद सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्राचं एकक) कोसळली. त्या वादळाचा इतका मोलाचा आकडा जगात फार थोड्या ठिकाणी टिपला गेला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचं काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं आणि ते तिथे आजही चालू आहे. मुलांना एकदा अलिबागला न्याच.

आता मृगातल्या ताऱ्यांकडे. तो तेजोमेघ सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्यातल्या तारकागुच्छाचं वय दहा-वीस लाख वर्षांच्या आसपास. सूर्य ४६० कोटी वर्षांचा, त्यामुळे ही त्याच्यापुढे अगदी तान्ही मंडळी. त्यातले सूर्याएवढ्या किंवा त्याहून कमी वस्तुमानाचे तारे टी टौरी प्रकारचे. १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉयने हा वर्ग वेगळा काढला तो दृश्य प्रकाशातल्या त्यांच्या लहरी चढउतारांवरून. क्ष-किरणांची गोष्ट नंतरची. १९७८ मध्ये सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेने ज्येष्ठेजवळच्या रो ओफियुकी मेघाकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, तेव्हा प्रत्येक वेळी वेगळेच ठिपके उजळलेले दिसले. १९८३ मध्ये माँमेर्ल आणि सहकाऱ्यांनी या मेघाला ख्रिसमस ट्रीची उपमा दिली, ती आजही चालते.

भौतिकी सूर्याचीच, पण मोजमापं कुठल्या कुठे जातात. सूर्य स्वतःभोवती फिरायला सुमारे २५ दिवस घेतो, हे तारे बहुतेक २ ते १० दिवसांत फिरतात. शिवाय कमी वस्तुमानाचे हे तारे आतून जवळपास गाभ्यापर्यंत संवहनाने ढवळले जात असतात. वेगाचं फिरणं आणि खोलवरचं ढवळणं एकत्र आलं की चुंबकीय क्षेत्र जोमाने तयार होतं. सूर्यावर दोन-तीन हजार गाऊसचं (गाऊस हे चुंबकीय क्षेत्राचं आणखी एक एकक) क्षेत्र फक्त डागांपुरतं सापडतं, या ताऱ्यांवर तितकं क्षेत्र पृष्ठभागाच्या मोठ्या भागावर पसरलेलं असतं. सूर्य आपल्या एकूण तेजाचा दशलक्षांश किंवा त्याहून कमी भाग क्ष-किरणांत देतो. तरुण तारे हजारांश भागापर्यंत जातात. म्हणजे फ्लेअर नसतानाही ते क्ष-किरणांत सूर्याच्या हजारो पट तेजस्वी असतात.

आणि फ्लेअर आला की? जानेवारी २००३ मध्ये चंद्रा दुर्बिणीने मृगातल्या या गुच्छावर १३ दिवसांच्या मुदतीत जवळपास पावणेदहा दिवस नजर रोखली. १६०० हून जास्त क्ष-किरण स्रोत सापडले, बहुतेक सगळे तरुण तारे. त्यातले सूर्याशी वस्तुमानाने जुळणारे २८ तारे निवडून वोल्क आणि सहकाऱ्यांनी तपासले. असा प्रत्येक तारा साधारण आठवड्याला एक मोठा फ्लेअर देतो आणि वेळेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आपल्या नेहमीच्या पातळीवर असतो, असं दिसलं. यातला "मोठा" किती मोठा? संपूर्ण सूर्य सगळ्या तरंगलांबींत मिळून अर्ध्या मिनिटात जेवढी ऊर्जा ओततो, जवळपास तेवढी ऊर्जा असा एक फ्लेअर नुसत्या क्ष-किरणांत देतो. कॅरिंग्टनच्या फ्लेअरच्या शेकडो पट. प्लाझ्माचं, म्हणजे त्या तापलेल्या विद्युतभारित वायूचं, तापमान ५ ते १० कोटी अंश, कधी त्याहूनही वर. सूर्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत संपणारा प्रकार इथे कित्येक तास, क्वचित दिवसभरही चालतो.

त्या निरीक्षणाचं खरं मोल फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, संख्येत नाही, ते सलग पाहण्यात आहे. तीन-चार तासांच्या निरीक्षणात आठवड्याला एकदा होणारी गोष्ट सापडली तर तो योग, आणि सापडली तरी तिचं शेपूट हातातून निसटतं. क्ष-किरणांत चढउतार समजून घ्यायचे असतील तर दुर्बिणीच्या आरशाइतकंच महत्त्व कक्षेला आहे. चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन ही युरोपची क्ष-किरण दुर्बीण, दोन्ही १९९९ मध्ये गेल्या, आणि दोन्ही लांबट कक्षेत फिरतात: चंद्राची एक फेरी सुमारे ६४ तासांची, एक्सएमएमची सुमारे ४८ तासांची. त्यामुळे दिवसभर किंवा अधिक वेळ तारा डोळ्याआड होत नाही. आपला खगोल उपग्रह ॲस्ट्रोसॅट २०१५ मध्ये सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर गेला. तो दीड तासाच्या आसपास एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत काही वेळ पृथ्वी मध्ये येते. वक्रात भोकं पडतात. ही त्या उपग्रहाची उणीव समजू नका, तो वेगळ्या कामासाठी बांधलेला आहे. पण वक्र वाचताना हे डोक्यात हवं.

आता मूळ मुद्दा: उसळी कुठली आणि फ्लेअर कुठला.

क्ष-किरण दुर्बीण चित्र देत नाही, ती यादी देते. प्रत्येक ओळीत एक फोटॉन: कधी आला, चिपवर (फोटॉन टिपणाऱ्या पट्टीवर) कुठे आदळला, किती ऊर्जेचा होता. मृगातल्या एखाद्या साध्या ताऱ्याचे फोटॉन पत्र्यावर पडणाऱ्या तुरळक थेंबांसारखे येतात. सरासरी ठरलेली, पण पुढचा थेंब कधी पडेल ते सांगता येत नाही. समजा, अर्ध्या तासाला सरासरी ९ फोटॉन येतात. मग एका खान्यात, म्हणजे अर्ध्या तासाच्या एका तुकड्यात, ६, पुढच्यात १२, त्यापुढच्यात ११ असे आकडे येणारच, कारण ९ चं वर्गमूळ ३, आणि तेवढी हालचाल निव्वळ योगायोगाची. मुलं इथेच घसरतात. १७ चा एखादा खाना दिसला की "सर, फ्लेअर!" सरासरी ९ असताना १७ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण शंभरात एक. पावणेदहा दिवसांत अर्ध्या तासाचे साडेचारशेहून जास्त खाने पडतात. म्हणजे ताऱ्याने काहीही केलं नाही तरी असे पाचेक खाने मिळायला हवेत. प्वासाँचं वितरण तुमच्या अभ्यासक्रमात आहेच. हे गणित मुलांना कागदावर करायला लावा, संगणक नंतर.

आता दुसरी यादी बघा: ८, ११, ७, ४१, ६३, ५२, ४४, ३५, २९, २४, १९, १६, ११. इथे वाद नाही. पण हा वक्र तेवढ्यावर सोडू नका. चढताना आलेले फोटॉन आणि उतरताना आलेले फोटॉन वेगळे काढा आणि दोन्ही गटांची मध्यक ऊर्जा काढा. खऱ्या फ्लेअरमध्ये तापमान आधी शिगेला पोचतं आणि उजेडाचा कळस मागून येतो, कारण कमान गरम प्लाझ्माने भरायला वेळ लागतो. त्यामुळे चढावरचे फोटॉन जास्त ऊर्जेचे निघतात आणि उतारावर ते हळूहळू मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, होत जातात. माझ्या लेखी वक्राच्या आकारापेक्षा हा पुरावा भक्कम. आकार योगायोगाने जुळू शकतो. आकार आणि रंग दोन्ही एकाच क्रमाने जुळणं अवघड.

खाने अर्ध्या तासाचे घ्यायचे की दहा मिनिटांचे, याला पक्कं उत्तर नाही, आणि खान्याची रुंदी बदलली की वक्राचा चेहरा बदलतो. म्हणून आम्ही शक्यतो खाने न पाडता काम करतो. कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी फोटॉनच्या वेळांवर सरळ लावता येते. ती एवढंच सांगते की दर स्थिर होता असं मानणं परवडतं का. दर कुठे बदलला हे हवं असेल तर जेफ्री स्कार्गल यांची बेझियन ब्लॉक्स पद्धत वापरा. ती फोटॉनच्या वेळांवरूनच ठरवते की इथपर्यंत एक दर, इथून पुढे दुसरा. मुलांना ती अवघड जात नाही. पायथनमध्ये तयार मिळते.

आता बाकीची कारणं. तारा फिरतो. त्याच्या प्रभामंडलातले (भोवतालच्या अतितप्त विरळ वायूच्या आवरणातले) तेजस्वी पट्टे समोर येतात आणि मागे जातात. त्यामुळे होणारा चढउतार गोलसर, संथ आणि दिवसांच्या मापाचा असतो. मृगाच्या त्याच निरीक्षणात फ्लाकोमियो आणि सहकाऱ्यांना २३ तरी ताऱ्यांमध्ये असा फेर सापडला, आणि त्यातून एक मोठी गोष्ट कळली. प्रभामंडल सगळ्या बाजूंनी सारखं आणि फार दूरवर पसरलेलं असतं तर तारा फिरल्याने काहीच फरक पडला नसता. फरक पडतो, याचा अर्थ त्याचा बराचसा भाग ताऱ्याला चिकटून आणि तुकड्यातुकड्यांत आहे.

दुसरं कारण तबकडी. तरुण ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी असते आणि तिची आतली कड कधी कधी वाकडी असते. एए टौरी हा याचा नमुना. दर ८.२ दिवसांच्या आसपास तबकडीची वाकलेली कड ताऱ्यासमोरून जाते आणि दृश्य प्रकाश मंदावतो. अशा आडोशातून क्ष-किरण येताना मऊ फोटॉन गिळले जातात, कडक (जास्त ऊर्जेचे) फोटॉन पार होतात. म्हणजे एकूण संख्या घटते आणि सरासरी ऊर्जा वाढते. फ्लेअर उतरताना नेमकं उलट होतं: संख्या आणि ऊर्जा दोन्ही घटतात. हे लक्षात ठेवलं की नुसत्या दोन आकड्यांवरून अर्धे वाद मिटतात.

तिसरं कारण म्हणजे तबकडीतला वायू ताऱ्यावर कोसळणं. तो चुंबकीय रेषांना धरून सेकंदाला काही शे किलोमीटर वेगाने पृष्ठभागावर आदळतो आणि वीस-तीस लाख अंशांपर्यंत तापतो. हे क्ष-किरण मऊ असतात. वासुकी तारकासमूहातला टीडब्ल्यू हायड्रा सुमारे २०० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे या हिशेबात शेजारीच. त्याच्या वर्णपटातल्या ऑक्सिजन आणि निऑनच्या रेषांवरून प्लाझ्माची घनता काढली तर ती नेहमीच्या प्रभामंडलापेक्षा शंभर पटींहून जास्त भरते. एवढी घनता आदळलेल्या वायूतच शोभते. पण ज्या ताऱ्यांवर वायू कोसळतो आहे ते क्ष-किरणांत एकंदर जास्त तेजस्वी असतील असं वाटत असेल, तर तसं नाही. ते वायू न कोसळणाऱ्या ताऱ्यांपेक्षा सरासरीने काहीसे मंदच निघतात. त्याचं कारण काय, यावर अजून वाद आहे.

कोसळण्याचा प्रकार अचानक वाढला की वेगळंच काही दिसतं. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीच्या जे मॅक्नील या हौशी निरीक्षकाने ३ इंची दुर्बिणीने घेतलेल्या फोटोत मृगातच एक नवा तेजोमेघ टिपला. तो उजळवणारा तारा, व्ही १६४७ ओरायनिस, उद्रेकात होता आणि त्याचे क्ष-किरण आधीच्या सुमारे ५० पट झाले होते. ही वाढ तासाभराची नव्हती, महिन्यांची होती. पुढे त्याच्या क्ष-किरणांत साधारण एका दिवसाचा फेर सापडला, म्हणजे ताऱ्याची स्वतःभोवतीची फेरी. अशा घटनेला फ्लेअर म्हणणं चूक. आणि तुमच्या मुलांना हे अगदी ठासून सांगा की ही बातमी ३ इंची दुर्बिणीतून आली.

उपकरणाची कारणं मुद्दाम शेवटी ठेवली, कारण शिकवताना तीच राहून जातात. एक्सएमएमवर कमी ऊर्जेच्या प्रोटॉनचा मारा झाला की सगळा डिटेक्टर एकदम उजळतो. तुमच्या ताऱ्याचा वक्र वर गेला त्याच क्षणी शेजारच्या रिकाम्या आकाशाचा वक्रही वर गेला असेल, तर तो फ्लेअर ताऱ्याचा नाही. चंद्रा दुर्बिणीवर वेगळी अडचण. चिप दर ३.२ सेकंदांनी वाचली जाते. तेवढ्या वेळात एकाच जागी दोन फोटॉन आले तर त्यांची गणना एक होते आणि ऊर्जा मात्र दोघांची मिळून नोंदली जाते. तेजस्वी फ्लेअरचा कळस त्यामुळे चपटा होतो आणि नेमका तिथेच खोटा कडकपणा दिसतो. मी वर ज्या पुराव्याला भक्कम म्हटलं, तोच इथे फसवू शकतो. शिवाय चंद्रा दुर्बीण मुद्दाम हलकेच डोलवली जाते, एका दिशेत १००० सेकंदांच्या आणि दुसऱ्या दिशेत ७०७ सेकंदांच्या आवर्तनाने. तारा चिपच्या कडेजवळ असेल तर तो याच तालात आतबाहेर होतो. कुणी तुम्हाला १००० किंवा ७०७ सेकंदांचं आवर्तन सापडल्याचं सांगितलं तर आधी तारा चिपवर कुठे होता ते विचारा.

उतारावरून कमानीची लांबी काढता येते, हा या विषयातला मला सर्वात आवडणारा भाग. कमान जितकी लांब, तितका तिला निवायला वेळ जास्त. पण उतारावरही आतून उष्णता मिळत राहिली तर उतार लांबतो आणि कमान उगाच मोठी वाटते. म्हणून रेआले आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत वेळेसोबत तापमान आणि घनता यांची घसरण एकत्र मांडतात. तापमान घनतेच्या मानाने भरभर पडत असेल तर उष्णता बंद झाली आहे, सावकाश पडत असेल तर अजून चालू आहे. याच पद्धतीने मृगातल्या काही फ्लेअरच्या कमानी ताऱ्याच्या कित्येक त्रिज्यांएवढ्या निघाल्या. सूर्यावरच्या कमानी सूर्याच्या त्रिज्येपुढे लहान असतात, त्यामुळे हा निष्कर्ष खळबळजनक होता. फावाता आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सुचवलं की या कमानींचं एक टोक ताऱ्यावर आणि दुसरं तबकडीवर असावं. कल्पना सुंदर आहे आणि पुस्तकांत, चित्रांत ती पटकन रुळली. पण नंतरच्या तपासणीत तितक्याच लांब कमानी तबकडी नसलेल्या ताऱ्यांवरही सापडल्या, आणि काही ताऱ्यांची तबकडी त्या अंतरापर्यंत पोचतच नाही असं दिसलं. माझं मत असं की ताऱ्याला तबकडीशी जोडणाऱ्या कमानी असतीलही, पण मोठ्या फ्लेअरसाठी त्या लागतातच असं नाही. दोन्ही पाय ताऱ्यावर ठेवूनही कमान एवढी लांब होऊ शकते.

मुलं पुढचा प्रश्न हमखास विचारतील: याचा ग्रहांशी काय संबंध? बराच आहे. फ्लेअरचे क्ष-किरण तबकडीवर पडले की तिथल्या थंड लोखंडाच्या अणूंतून ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेची रेषा बाहेर पडते. गरम प्लाझ्मातल्या लोखंडाची रेषा ६.७ ला असते. दोन्ही शेजारी शेजारी दिसल्या की समजायचं, उजेड थंड वायूवर पडून आपल्याकडे परत आला आहे. मृगातल्या सात स्रोतांत अशी रेषा सापडली. क्ष-किरण तबकडीच्या वायूचं आयनीकरण करतात, त्यामुळे तो चुंबकीय क्षेत्राला बांधला जातो आणि तबकडीतली खळबळ त्यावर अवलंबून राहते. वरचा थर तापून उडूनही जातो. मोठ्या ग्रहांना वायू गोळा करायला काही दशलक्ष वर्षंच मिळतात, आणि त्या मुदतीवर या क्ष-किरणांचा हात आहे.

मेक्सिकोत ८ फेब्रुवारी १९६९ रोजी पडलेल्या आयेंदे उल्केतल्या सर्वात जुन्या कणांत बेरिलियम-१० च्या खुणा सापडल्या आहेत. हे समस्थानिक ताऱ्यांच्या गाभ्यात बनत नाही, वेगवान कणांच्या माऱ्याने बनतं. तो मारा नवजात सूर्याच्या फ्लेअरमधून झाला असावा असं बऱ्याच जणांना वाटतं. सूर्य ज्या मेघातून जन्मला त्या मेघात, वैश्विक किरणांमुळे ते आलं, असं मानणारेही आहेत. आणि हे किती लवकर सुरू होतं? मृगाच्याच परिसरात एचओपीएस ३८३ हा अजून गर्भावस्थेत, दाट आवरणात गुंडाळलेला आदितारा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये चंद्रा दुर्बिणीने त्याच्यावर ३ तास २० मिनिटं चाललेला फ्लेअर टिपला.

आता नाशिकमधून काय करता येईल. अंजनेरीहून क्ष-किरण दिसणार नाहीत, वातावरण ते वरच शोषून घेतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण चंद्राचा आणि एक्सएमएमचा डेटा ठरलेल्या मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुला होतो. २००३ चा मृगाचा डेटाही खुला आहे. चंद्राचं सीआयएओ सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लिनक्स असलेल्या साध्या लॅपटॉपवर चालतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत ॲस्ट्रोसॅटसाठी मदत केंद्र आहे. ॲस्ट्रोसॅटची सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बांधली गेली. तिची नजर मृगाच्या गजबजलेल्या गुच्छात ताऱ्यापासून तारा वेगळा काढण्याइतकी धारदार नाही, पण एकटादुकटा, तेजस्वी, जवळचा तारा असेल तर ती उपयोगी आहे. प्रॉक्झिमा सेंटॉरीकडे ॲस्ट्रोसॅट, चंद्रा आणि हबल यांनी एकाच वेळी पाहिलं आहे. तो तारा तरुण नाही, पण फ्लेअर देतो, आणि तीन दुर्बिणींचे वक्र एकाखाली एक ठेवून वाचायला शिकण्यासाठी फार चांगला.

रेडिओही विसरू नका. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. फ्लेअरमधले वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात. मृगाच्या त्याच निरीक्षणाच्या काळात, २० जानेवारी २००३ रोजी, गुच्छातल्या जीएमआर-ए या ताऱ्याने मिलिमीटर लहरींत मोठा उद्रेक केला, आणि त्याचे क्ष-किरण त्याच्या दोनेक दिवस आधी सुमारे दहा पट वाढलेले सापडले. जीएमआरटी मीटरभर लांबीच्या लहरींत पाहते, त्यामुळे तिचं काम वेगळं. २०१४ मध्ये तिच्या निरीक्षणांतून डीजी टौरी या तरुण ताऱ्याच्या झोतात प्रकाशाच्या जवळपास वेगाचे इलेक्ट्रॉन असल्याचे संकेत मिळाले. सहल काढलीत तर खोडदला जाण्याआधी मुलांना हे सांगा.

तुमच्याकडे ६ किंवा ८ इंची दुर्बीण आणि कॅमेरा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी टी टौरी धरा. तो तेजाच्या दहाव्या प्रतीच्या आसपास (नुसत्या डोळ्यांना न दिसणारा) असतो, वृषभेत. नाशिकच्या बाहेर, गंगापूर धरणाच्या पलीकडे, थंडीतल्या कोरड्या रात्री तो सहज मिळतो. दर रात्री ठरलेल्या फिल्टरमधून, त्याच त्या तुलनाताऱ्यांशी ताडून तेज मोजा. यात फ्लेअर हाती लागण्याची आशा धरू नका. डाग, धूळ आणि कोसळणारा वायू यांचे चढउतार मात्र नक्की दिसतील. कुठल्या रात्री अवकाशातली एखादी दुर्बीण त्याच बाजूला पाहत असेल सांगता येत नाही, आणि तेव्हा जमिनीवरून घेतलेली एक प्रामाणिक नोंद कामाला येते. एप्रिल-मेमध्ये ज्येष्ठेजवळचा मेघ रात्री वर येतो, पण त्यातले तारे धुळीत दडलेले असल्याने लहान दुर्बिणीला जड जातात. पावसाळा लॅपटॉपचा.

सुरुवात एका ताऱ्यापासून करा. मृगाचं एकच लांब निरीक्षण उतरवा. हजारभर फोटॉन देणारा, चिपच्या मध्याजवळचा तारा निवडा. अर्ध्या तासाच्या खान्यांचा वक्र, मग दहा मिनिटांच्या खान्यांचा, मग बेझियन ब्लॉक्स, तिन्ही एकाच कागदावर. खाली त्याच वेळेचा रिकाम्या आकाशाचा वक्र आणि प्रत्येक ब्लॉकमधल्या फोटॉनची मध्यक ऊर्जा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या ताऱ्याबद्दल लिहायचं: फ्लेअर आहे, नाही, की ठरवता येत नाही. तिसरं उत्तर लिहिणाऱ्याचे मार्क कापू नका. बरेचदा तेच बरोबर असतं. पहिले वक्र तयार झाले की मला पाठवा, सोबत तारा चिपवर कुठे होता तेही लिहा.